कानांनी पाहावा असा बॅले

(दृश्य: रिकामा, अंधारा रंगमंच.)

संगीताच्या ओढीने बॅलेला जाणाऱ्याच्या मनात एक धास्ती असते. समोर इतकी हालचाल चालू असताना सुरांकडे लक्ष राहील का? यिर्झी किलियानचा ‘पेतित मोर’ पाहताना ती धास्ती पहिल्या काही क्षणांतच जाते. संगीतकार मोत्झार्टच्या मृत्यूला दोनशे वर्षं झाली तेव्हा, 1991 साली, साल्झबर्ग महोत्सवासाठी त्यानं हा बॅले रचला.

(दृश्य: सहा पुरुष, प्रत्येकाच्या हातात तलवारबाजीचं लवचिक पातं.)

मोत्झार्टच्या आधी ऐकू येतात ती ही पाती. सहा हात एकदम फिरतात आणि हवा कापत सपकारा येतो. कान टवकारले जातात. मग पियानो येतो, एकटाच. पियानो आणि वाद्यवृंदासाठीच्या तेविसाव्या कॉन्चेर्तोमधला हा अडाजिओ, म्हणजे संथ भाग, मोत्झार्टनं एफ शार्प मायनर या स्वरश्रेणीत लिहिलेला एकमेव भाग. वाद्यवृंद अजून गप्प आहे. ही सुरावट घरी कितीही वेळा ऐकलेली असो, त्या सपकाऱ्यांनंतर ती फार उघडी, फार एकाकी वाटते.

आणि नाच सुरांच्या मागे धावत नाही. सुरावट संपते, तरी उचललेली नर्तिका अजून खाली आलेली नसते. त्या मधल्या जागेत पुढचा सूर मला जास्त स्पष्ट ऐकू येतो. माझ्यासारख्या श्रोत्याचं खरं सुख तिथेच आहे.

(दृश्य: दोन नर्तिका, शेजारी शेजारी.)

याची मुळं जुनी आहेत. नृत्यरचनाकार जॉर्ज बॅलेंचिन पेत्रोग्रादच्या कॉन्झर्वेटरीत, म्हणजे संगीत विद्यालयात, संगीत शिकलेला. 1941 साली त्यानं संगीतकार बाखचा दोन व्हायोलिनांचा कॉन्चेर्तो घेतला आणि दोन प्रमुख नर्तिका समोर आणल्या. एरवी एकमेकांत मिसळून जाणारी ती दोन व्हायोलिनं इथे वेगवेगळी कळू लागतात, कारण डोळे कानांना वाट दाखवतात. शेवटच्या भागात नर्तिका बुटांच्या टोकांवर उड्या घेतात. कापड आणि सरसाच्या थरांनी कडक केलेल्या त्या टोकांची टकटक पुढच्या रांगांत चांगलीच ऐकू येते. काहींना ती खुपते. मी तिला तालवाद्यच समजतो.

विल्यम फोर्सिथनं 1987 साली पॅरिस ऑपेरासाठी केलेल्या बॅलेत मात्र टॉम विलेम्सचं इलेक्ट्रॉनिक संगीत आहे, अंगावर येणारं. तिथे गोडवा शोधू नये. ठोके ऐकावेत, आणि तोल सुटेस्तोवर ताणलेले देह पाहावेत.

(दृश्य: पिटमध्ये, म्हणजे रंगमंचापुढच्या खोलगट जागेत बसलेला वाद्यवृंद.)

वाद्यवृंद प्रत्यक्ष वाजत असेल तर संचालकाचं लक्ष स्वरलिपीइतकंच रंगमंचावरही असतं. नर्तक हवेत किंचित जास्त राहिला, तर पुढचा ठोका संचालक तेवढा लांबवतो. दुसऱ्या दिवशी तोच सूर तितकाच लांब असेल असं नाही. ध्वनिमुद्रित संगीतावर ही देवघेव बंद होते. विलेम्सच्या संगीताचं त्यात काही बिघडत नाही, पण बाख आणि मोत्झार्टचं फार बिघडतं, असं माझं ठाम मत आहे. तेव्हा तिकीट काढण्याआधी वाद्यवृंद प्रत्यक्ष वाजवणार आहे का, हे विचारून घ्यावं. हो म्हणाले, तर बाल्कनीतली पुढची रांग मागावी. तिथून नर्तकांच्या रचनाही दिसतात आणि संचालकाचे हातही.