ऐरोलीतला काचेचा टँक आणि कोलारची खाण

ऐरोलीतल्या एका सोसायटीचं ऑफिस, लाइट बंद, आणि टेबलावर माशांचा काचेचा टँक उलटा ठेवलाय, डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांच्या वाटा बघायला. आत वरच्या बाजूला फेल्टची पट्टी चिकटवलीय, आयसोप्रोपिल अल्कोहोलने चांगली भिजवून, खाली काळा रंग दिलेला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आणि पत्र्याखाली ड्राय आइस, उणे 78 अंश. अल्कोहोलची वाफ खाली उतरते आणि पत्र्याजवळ इतकी गार होते की थेंब व्हायला तिला नुसतं निमित्त हवं असतं. अकरावीची ही पोरं फटी टेपने बंद करतायत, कारण जराशी हवा शिरली तरी काही दिसत नाही. आता टॉर्च आडवा धरायचा आणि थांबायचं.

ती बघा, बारीक सरळ रेघ! म्युऑन गेला, म्हणजे इलेक्ट्रॉनचाच जड भाऊ. अवकाशातून येणारे कण वर हवेवर आदळतात, त्यातून हे तयार होतात, उघड्या तळहातातून सुद्धा सेकंदाला एखाद-दुसरा जातोच. रेघ उमटली कारण त्याने वाटेतल्या अणूंचे इलेक्ट्रॉन उडवले आणि त्या वाटेवर वाफेचे थेंब जमले, हे विद्युतचुंबकीय बल. थेंब खाली बसतायत, ते गुरुत्वाकर्षण. म्युऑन सरासरी 2.2 मायक्रोसेकंदात मोडतो, तो वीक फोर्स, म्हणजे कमजोर बल. आणि ही जाड आखूड रेघ अल्फा कणाची, त्यातले दोन प्रोटॉन, दोन न्यूट्रॉन धरून ठेवतो तो स्ट्राँग फोर्स, म्हणजे तगडं बल. निसर्गातली चारही मूलभूत बलं या एवढ्याशा टँकमध्ये.

मग ही चार मुळात एकच आहेत का? भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने 1865 मध्ये वीज आणि चुंबकत्व एकत्र बांधलं. ग्लाशो, वाइनबर्ग आणि सलाम यांनी 1960 च्या दशकात त्यात वीक फोर्स आणला. तो कमजोर वाटतो कारण त्याचा वाहक, म्हणजे ते बल पोचवणारा कण, डब्ल्यू बोसॉन प्रोटॉनच्या सुमारे 85 पट जड, सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेत तो 1983 ला सापडला. पुढे 1974 मध्ये आपल्या ओडिशाचे जोगेश पती आणि सलाम यांनी स्ट्राँग फोर्सही याच कुटुंबात बसवायचा प्रयत्न केला, आणि त्यातून निघालं की प्रोटॉनसुद्धा कधीतरी तुटायला हवा.

ते बघायला कुठे गेले माहितीये? हा फोटो कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीचा. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर) आणि जपानच्या ओसाकातले संशोधक, जमिनीखाली सुमारे 2.3 किलोमीटर, 140 टन लोखंडी यंत्रणा, थरावर थर, गॅसने भरलेल्या नळ्यांचे. इतकं खाली का, तर आता टँकमध्ये दिसला त्याच म्युऑनमुळे, वर त्यांची एवढी गर्दी की प्रोटॉनची खूण त्यात हरवूनच जाईल, खाली मात्र डोक्यावरचा खडक त्यांना अडवतो. प्रोटॉन तुटतो का हे शोधायचे जगातले अगदी सुरुवातीचे प्रयत्न म्हणजे हे, आणि ते आपल्याकडे झाले, हे या पोरांना शाळेतच कळायला हवं होतं.

कोलारला काही संशयित खुणा मिळाल्या, बाकी कुठे दुजोरा मिळाला नाही, प्रयोग पुढे बंद झाला. जपानच्या सुपर-कामिओकांदे या जमिनीखालच्या टाकीतल्या 50 हजार टन पाण्यातही प्रोटॉन अजून तुटताना दिसलेला नाही, आणि आता तिकडे त्याहून मोठी टाकी बांधतायत.