चिलापीच्या पोटातली उजनी

पहाट. भिगवणजवळ उजनीचं पाणी. होडीत जाळं ओढलं जातंय, आणि वर येतेय चिलापी म्हणजे तिलापिया, इथल्या बाजारातली रोजची मासळी.

भीमेवरचं हे धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून इथं. पावसाळ्यात काठोकाठ, उन्हाळ्यात साठा उणे, म्हणजे वापरायच्या पातळीच्याही खाली. मे महिन्यात उरलेलं पाणी तापतं, त्यातला ऑक्सिजन घटतो. माशाचं अंग पाण्याइतकंच गरम किंवा गार. तो जाणार कुठं? जुळवून घेतं ते त्याचं यकृत.

आता हा मासा कॉलेजच्या प्रयोगशाळेत, बर्फावर. पोटाला एक चीर. कल्ल्यांच्या मागे ही तपकिरी पाकळी, तेच यकृत. शेजारी पित्ताची हिरवी पिशवी. ती फुटली की नमुना गेला. मासे साफ करणाऱ्या बायकांना हे कुणी शिकवावं लागत नाही. पित्त फुटलं की मासा कडू.

तुकडा थंड द्रावणात वाटायचा, सेंट्रीफ्यूजमध्ये, म्हणजे गरागरा फिरणाऱ्या यंत्रात, फिरवायचा. वरच्या निवळ रसात विकरं, म्हणजे एन्झाइम्स, असतात. त्यात हायड्रोजन पेरॉक्साइडचा हा एक थेंब. बघा, कसं फसफसलं! हे कॅटलेज. पेशीत साचणारं पेरॉक्साइड घातक. कॅटलेज त्याचं पाणी आणि ऑक्सिजन करतं. बुडबुडे त्या ऑक्सिजनचे. मोजणी मात्र किती प्रकाश शोषला गेला ते दाखवणाऱ्या या यंत्रावर: २४० नॅनोमीटरच्या प्रकाशात पेरॉक्साइड किती वेगानं संपतं. आकडा घसरतोय, म्हणजे विकर कामाला लागलंय.

दूषित पाण्याचा ताण आला की कॅटलेज बहुधा आधी वाढतं. यकृत झुंजत असतं. ताण हटलाच नाही तर कॅटलेज घटायला लागतं. यकृताच्या पेशी फुटल्या की त्यांतली एसजीओटी, एसजीपीटी ही विकरं रक्तात उतरतात. काविळीच्या रिपोर्टात आपण वाचतो तीच ही नावं. त्यानंतरची पायरी म्हणजे पाण्यावर तरंगणारे मासे आणि रिकामी जाळी.

एका माशावरून निकाल देता येत नाही. विणीचा हंगाम, उपासमार, नुसता उकाडासुद्धा आकडे हलवतो. म्हणून एकाच मापाचे मासे, दर महिन्याला, त्याच जागेवरून. चिकाटीचं काम आहे. पण बाटलीत भरलेलं पाणी त्या दिवसापुरतं बोलतं. मासा त्याच पाण्यात महिनोन्महिने राहिलेला असतो. पाण्याच्या तपासणीला ही जोड मिळायलाच हवी.

यंत्रात पुढची नळी जाते. बर्फावर अजून अकरा मासे आहेत.