अक्षर दिसलं पाहिजे

काळा पडदा, त्यावर रंगीत अक्षरं, एका जागी लुकलुकणारा कर्सर. कोपऱ्यातल्या चौकोनात प्रोग्रामरचा चेहरा. चार मिनिटं झाली, एकही नवी ओळ उमटलेली नाही. तरी बघणारे हललेले नाहीत. चूक कुठे आहे ते तोही शोधतोय आणि तेही.

पुस्तकात कोड येतो तो तयार होऊनच. तो होताना काय काय खोडलं गेलं, हे शेजारी बसलेल्यालाच कळतं. असं शेजारी बसणं दूरच्या माणसालाही मिळावं, त्यासाठी कोड लिहितानाच त्याचं थेट प्रक्षेपण करण्याचा हा खटाटोप.

ट्विच हा थेट प्रक्षेपणाचा मंच २०११ मध्ये सुरू झाला तो गेम्ससाठी. २०१४ च्या अखेरीस गेम प्रोग्रामर केसी मुराटोरी यांनी 'हँडमेड हीरो' हा गेम अगदी पहिल्या ओळीपासून तिथेच, लोकांसमोर लिहायला घेतला. पाठोपाठ लाइव्हकोडिंग डॉट टीव्ही आलं, फक्त प्रोग्रामरांसाठी. बघणारे मिळाले. अडलं ते चित्रापाशी.

ही दोन चित्रं शेजारी ठेवून बघा. डावीकडे प्रोग्रामरचा स्क्रीन, उजवीकडे तोच प्रेक्षकाकडे पोचलेला. त्या निळ्या शब्दाच्या कडा बघा, विरघळल्यात. पाठवण्यासाठी व्हिडिओचा डेटा कमी करताना उजेड आणि रंग वेगळे काढतात. उजेडाची नोंद प्रत्येक पिक्सेलची राहते, रंगाची मात्र बहुतेक वेळा चार पिक्सेलांत मिळून एकच. चेहऱ्यात, गवतात, धावत्या गाडीत हे डोळ्यांना जाणवतही नाही. पण एचडी व्हिडिओच्या हिशेबात निळ्याचा उजेडातला वाटा जेमतेम ७ टक्के. काळ्यावरचं निळं अक्षर म्हणजे जवळजवळ नुसता रंग, आणि कात्री नेमकी रंगालाच लागलेली. आता त्याने फाइल बदलली. सगळा पडदा एका क्षणात नवा झाला, तेवढा डेटा तेवढ्या वेळात पोचत नाही, म्हणून हे धुरकट चौकोन. कोलन आहे की सेमीकोलन? सांगा बघू.

म्हणून आमचं ठाम मत आहे: प्रोग्रामरांसाठी मंच उभारायचा, तर कोडचा व्हिडिओ करूच नये. जुन्या टर्मिनलवर, म्हणजे नुसती अक्षरं दाखवणाऱ्या पडद्यावर, ८० रकाने आणि २४ ओळी, म्हणजे १,९२० अक्षरं. फुल एचडीच्या एका फ्रेममध्ये पिक्सेल २० लाख ७३ हजार ६००. मग अक्षरं अक्षरं म्हणूनच का पाठवू नयेत? ॲस्किनेमा हे साधन टर्मिनलचं रेकॉर्डिंग असंच करतं. आपल्या मंचावरही तसंच: एडिटरमधला प्रत्येक बदल त्याच्या वेळेसकट निघतो आणि प्रेक्षकाच्या ब्राउझरमध्ये पुन्हा मांडला जातो. व्हिडिओ फक्त चेहऱ्याचा. आवाज आणि अक्षर यांची वेळ जुळवणं हे यातलं सगळ्यात किचकट काम.

आता या प्रेक्षकाचा हात बघा. फॉन्ट मोठा केला. एक ओळ उचलली, आपल्या मशीनवर चालवून पाहिली. प्रोग्रामरने पासवर्डची फाइल चुकून उघडली, तर ती मशीनबाहेर पडण्याआधीच गाळता येते. व्हिडिओत ती सगळ्यांना दिसून गेलेली असते.

राहिला उशीर. ॲपलने २००९ मध्ये आणलेल्या एचएलएस या व्हिडिओ पाठवण्याच्या पद्धतीत व्हिडिओचे सुरुवातीला दहा-दहा सेकंदांचे तुकडे होत. असे तीन तुकडे हाताशी ठेवायचे, म्हणजे अर्धं मिनिट गेलंच. 'चाळिसाव्या ओळीत कंस राहिलाय,' हे चॅटमध्ये उमटेपर्यंत प्रोग्रामर तिसऱ्याच फाइलमध्ये पोचलेला. वेबआरटीसी या ब्राउझरमधल्या थेट संवादाच्या तंत्रावर हाच उशीर सेकंदाच्या आत येतो. सर्व्हरचा खर्च मात्र चढतो.

पुन्हा तोच पडदा. तेवीस मिनिटं झालीत. चॅटमध्ये एक ओळ येते. तो वाचतो. कर्सर वर सरकतो, एक चिन्ह बदलतं. टेस्ट पुन्हा सुरू.

(इथून निवेदन नाही. मूळ आवाज.)