खोडाला भोक न पाडता बर्चचा रस

नमस्कार मंडळी, आज बर्चच्या रसाबद्दल बोलूया. बर्च म्हणजे भूर्जपत्राच्या कुळातलं पांढऱ्या सालीचं झाड, फिनलंड, एस्टोनिया, युक्रेन, रशिया असल्या थंड भागात भरपूर. तिकडे बर्फ वितळायला लागला की पानं फुटेपर्यंत दोन-तीन आठवडे ह्या झाडात रस चढत असतो. मेपल ह्या दुसऱ्या रसाच्या झाडाला रस वाहायला रात्री गारठा आणि दिवसा ऊब लागते, बर्चचं तसं नाही, इथे मुळंच खालून प्रेशरने पाणी वर ढकलतात, त्यामुळे कुठेही जरा कापलं की टपटप सुरू.

आता एवढं आपोआप येतंय तर लोक लगेच ड्रिल का काढतात, मला खरंच कळत नाही! घरापुरता ग्लासभर रस हवा असेल तर खालची बोटाएवढी जाड, वाकणारी फांदी बघा, धुतलेल्या कात्रीने तिचं टोक छाटा, ते बाटलीच्या तोंडात घाला, बाटली फांदीलाच दोरीने बांधा आणि तोंडाभोवती फडकं गुंडाळा म्हणजे किडे जाणार नाहीत. बस्स. रस हळू जमतो हे खरं, पण खोड शाबूत राहतं, आणि बर्चच्या बाबतीत ते फार महत्त्वाचं, कारण खोडाला भोक पडलं की आतलं लाकूड वर-खाली बरंच लांबपर्यंत काळपट पडतं आणि तिथून कूज शिरू शकते.

जास्तच हवा असेल आणि भोक पाडायचंच असेल तर निदान खोड २५ सेंटीमीटर तरी जाड असू द्या, भोक ८ मिलिमीटरचं, खोल ३-४ सेंटीमीटर, किंचित वरच्या दिशेने, आणि एका झाडाला एकच. पुढच्या वर्षी जागा बदला. कुऱ्हाडीने खाच वगैरे तर अजिबात नको. आणि हो, झाड दुसऱ्याचं असेल तर आधी विचारा, फिनलंडमध्ये जंगलात बेरी कुणीही तोडू शकतं पण रसासाठी मालकाची परवानगी लागतेच.

कळ्या उघडायला लागल्या की थांबा, रस गढूळ आणि कडवट होतो. चांगला रस पाण्यासारखा स्वच्छ, अगदी पुसट गोड, फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस टिकतो, नंतर आंबतो. सिरप करायचं डोक्यात असेल तर सांगते, एक लिटरला साधारण १०० लिटर रस आटवावा लागतो, तेव्हा फांदीवाल्यांनी तो नाद सोडा आणि गारच प्या.