दुखणं गेलं, तरी हात वर जाईना

श्रोतेहो, नमस्कार. आज आखडलेल्या खांद्याबद्दल, म्हणजे फ्रोझन शोल्डरबद्दल बोलू. चाळिशी ते साठीत दिसणारा हा त्रास. बायकांमध्ये जास्त, मधुमेह असलेल्यांमध्ये तर बराच जास्त. सांध्याभोवतीचं आवरण सुजतं, जाड होतं आणि धुवून आटलेल्या बाहीसारखं आवळतं. एक्स-रेत बहुधा काही दिसत नाही.

माझ्याकडे गणिताचे एक शिक्षक खांद्याच्या व्यायामासाठी यायचे. फळ्यावर हात छातीच्या वर जाईना. सगळी गणितं फळ्याच्या खालच्या अर्ध्यात, आणि मागच्या बाकावरची मुलं उभी राहून उतरवून घ्यायची. डॉक्टरांनी सरांच्या सांध्यात इंजेक्शन दिलं. त्यात भुलीचं लिग्नोकेन आणि सूज उतरवणारं स्टेरॉइड होतं. थोड्या वेळात सर खुलले, "अहो, दुखतच नाही!" मी म्हटलं, करा हात वर. हात खांद्याच्या रेषेपर्यंत आला आणि अडला. मी उचलून पाहिला, तरी तिथेच. कोपर कमरेला टेकवून पंजा बाहेर वळवायला सांगितला, तो जेमतेम हलला. सरांचा चेहरा पडला. "म्हणजे इंजेक्शन वाया गेलं?"

नाही, सर. हात नुसत्या दुखण्याने अडला असता, तर आत्ता वर गेला असता. अडवतंय ते आवरण. इंजेक्शनने दुखणं उतरतं. आखडलेपण सोडवायला व्यायामच लागतो. पुन्हा सांगतो, दुखणं उतरतं ते इंजेक्शनने, हात सुटतो तो व्यायामाने.

सरांनी मग वर्गातलाच फळा धरला. मधल्या सुट्टीत बोटांनी फळ्यावर चढायचं आणि जिथे पोहोचतील तिथे खडूची रेघ मारायची. कधी रेघ बोटभर वर, कधी कालच्याच जागी. काही महिन्यांनी तारीख फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहायला लागले.

भुलीचा असर काही तासांत जातो. मग एक-दोन दिवस खांदा जास्तही ठणकेल, घाबरू नका. स्टेरॉइडचा गुण यायला काही दिवस लागतात आणि तो काही आठवडे टिकतो. व्यायामाचा खरा हंगाम तोच. पुढे वाकून लोंबत्या हाताला झोके द्या. हा व्यायाम 'फ्रोझन शोल्डर' हे नाव 1934 साली रूढ करणाऱ्या अमेरिकन सर्जन कॉडमन यांच्याच नावाने ओळखला जातो. काठी दोन्ही हातांत धरून आखडलेला हात बाहेर ढकला. ताण जाणवू दे, पण कळ येईपर्यंत रेटू नका. आणि हात झोळीत अडकवून महिनोन्‌महिने 'आराम' करायचा सल्ला कुणी दिला, तर कृपा करून मानू नका. हात आणखी आखडेल.

मधुमेह असलेल्यांनी इंजेक्शनच्या आधी डॉक्टरांना तसं सांगा. स्टेरॉइडने साखर काही दिवस चढते, म्हणून रोज तपासा. इंजेक्शननंतर ताप आला, खांदा लाल-गरम झाला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.