मोटर एकाच दिशेनं फिरते

मंडळी, टेबलावर हा जो दोन कॉइलींचा तुकडा ठेवलाय, तो कपडे धुण्याच्या यंत्रातला आहे. याचं नाव विगवॅग. हातात घेऊन बघितलात तर वजन एखाद्या खलबत्त्याएवढं. हा माझा जादाचा नग आहे. याचा जोडीदार मिशिगनमध्ये माझ्या तळघरात एका पांढऱ्या यंत्राच्या पोटात आजही रोजचं काम करतो. ते यंत्र १९६० च्या दशकातलं. आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या बाईंचं घर रिकामं होत होतं, तेव्हा भंगारात जाताना मी ते मागून घेतलं.

माझं लहानपण इथल्याच उद्यमनगरात गेलं. ऑइल इंजिनाच्या टकटकीवर आम्ही झोपायचो. त्यामुळे जुनं यंत्र दिसलं की ते का थांबलं असेल, हा प्रश्न मला गप्प बसू देत नाही. आज मला एवढंच सांगायचंय की जुनं यंत्र परत उभं करायचं म्हणजे ते चकाचक करायचं नव्हे. ते कसा विचार करतं ते आधी कळून घ्यायचं, आणि मग हात लावायचा. मी हे उलट्या क्रमानं केलं आणि त्यात माझे कितीतरी दिवस गेले.

थोडी वंशावळ सांगतो. घरगुती ऑटोमॅटिक यंत्र अमेरिकेच्या बाजारात आलं १९३७ मध्ये, बेंडिक्स कंपनीचं. त्याचं दार पुढून उघडायचं, आणि पिळताना ते इतकं हादरायचं की फरशीला बोल्टनं जखडून ठेवावं लागे. मग युद्ध आलं, कारखाने युद्धसामग्रीकडे वळले. १९४७ मध्ये मिशिगनमधल्या सेंट जोसेफ गावच्या नाइन्टीन हंड्रेड कॉर्पोरेशननं वरून झाकण उघडणारं यंत्र काढलं. सिअर्सनं ते आपल्या दुकानांतून केनमोर नावानं विकलं. पुढच्या वर्षी ते व्हर्लपूल नावानंही आलं, आणि काही वर्षांत कंपनीनं स्वतःच ते नाव घेतलं. पट्ट्यावर चालणारी ही रचना पुढे १९८० च्या दशकापर्यंत बनत राहिली. केनमोरच्या पाटीवर मॉडेल क्रमांक ११० नं सुरू होत असेल, तर यंत्र व्हर्लपूलच्या कारखान्यातलं समजायचं. माझ्या यंत्राच्या पाटीवर ११० आहे.

आता यंत्राकडे या. मधोमध पंख असलेला एक खांब असतो, ॲजिटेटर. तो मिनिटाला साठ-सत्तर वेळा अर्धवट इकडे, अर्धवट तिकडे फिरतो. हे तुम्ही सगळ्यांनी पाहिलेलं आहे, फक्त ताकाच्या डेऱ्यात. रवीला दोरीचे दोन वेढे असतात. उजवा हात ओढला की रवी एकीकडे, डावा ओढला की दुसरीकडे. इथे मात्र ओढणारे दोन हात नाहीत. मोटर एकाच दिशेनं फिरते आणि सुरू असेपर्यंत तशीच फिरत राहते. पट्टा गिअरपेटीची पुली फिरवतो, आणि आत एक दट्ट्याचा दांडा त्या सरळ फिरण्याचं मागेपुढे हलणं करतो. ऑइल इंजिनात पिस्टनची हालचाल क्रँकवर येऊन चाक फिरतं. इथे त्याच्या बरोबर उलट.

पण मग धुणं संपवून पिळायला सुरुवात कशी होते? मोटर उलटी होत नाही, वेग बदलत नाही. हे काम या विगवॅगचं. गिअरपेटीतून एक दांडा वर आलेला असतो आणि मोटर चालू आहे तोवर तो डुलत असतो. विगवॅग त्याच्यावर बसवलेलं, म्हणून तेही सतत डुलतं. दोन कॉइल, प्रत्येकीत एक प्लंजर, म्हणजे वरखाली सरकणारा लोखंडी दांडा, प्लंजरच्या खाली एक पिन. पिनांखाली खाचा पाडलेल्या दोन पट्ट्या. एक पट्टी ॲजिटेटरची, दुसरी बादलीच्या, म्हणजे कपडे ठेवतो त्या फिरत्या भांड्याच्या, क्लचची. कॉइलला वीज मिळाली की प्लंजर वर उचलला जातो, पिन दुसऱ्या खाचेत जाते, आणि पुढच्या डुलण्यासरशी ती पट्टी सरकते. पट्टीवरच्या उतारामुळे क्लच धरतो किंवा सुटतो.

यातली खुबी बघा. विजेला इथे फक्त एक बोटभर पिन उचलायची आहे. क्लच सरकवण्याचा जोर येतो मोटरच्या डुलण्यातून, आणि ती तर तशीही फिरतच असते. वीज फक्त निवड करते. ज्या माणसानं हे सुचवलं त्याला मी मनोमन नमस्कार केला आहे.

आता माझी चूक. माझं यंत्र घुसळायचं छान, पाणीही बाहेर टाकायचं, पण बादली फिरायचीच नाही. कपडे निथळत बाहेर यायचे. मी लगेच टायमरवर संशय घेतला. टायमर म्हणजे घड्याळाच्या छोट्या मोटरवर फिरणारे दातेरी चकतीचे थर आणि त्यांच्यावर टेकलेल्या पितळी जिभा. तीन संध्याकाळ मी तो उघडून एकेक जीभ घासली. त्याला काहीही झालेलं नव्हतं. मग कॉइल मोजली, ती ठीक. तार मोजली, तीही ठीक. मीटरचा बझर वाजला, म्हणजे तार सलग. सगळं ठीक आणि यंत्र मात्र पिळत नाही.

एका रविवारी प्लग काढलेला असताना मीटरची टोकं तारेला लावून ठेवली आणि सहज विगवॅग हातानं डोलवलं. बझर तुटला. परत मध्ये आणलं, बझर सुरू. वरचं रबरी आवरण अखंड, आतलं तांबं तुटलेलं! उभ्या यंत्रात तुटलेली टोकं एकमेकांना टेकत होती, डुलताना दुरावत होती. मी यंत्र थांबवून मोजत होतो, आणि दोष फक्त चालताना होता.

ती तार का तुटली तेही पाहिलं पाहिजे. मुळात या तारा सैल झोल ठेवून बांधलेल्या असतात, म्हणजे वाकणं सगळ्या लांबीत वाटलं जातं. मागे कधीतरी कुणी दुरुस्ती करताना त्या नीटनेटक्या दिसाव्यात म्हणून चिकटपट्टीनं आवळल्या होत्या. मग सगळं वाकणं एका जागी आलं. लोखंडी तार तोडायला आपण एकाच ठिकाणी पुढेमागे वाकवतो ना, तसं. मी बारीक धाग्यांची, सिलिकॉन आवरणाची तार घातली आणि झोल परत दिला. दिसायला ते अव्यवस्थित दिसतं, आणि तसंच असायला हवं.

ॲजिटेटर काढणं हे वेगळंच प्रकरण. माझा काळ्या बेकलाइटचा आहे. वरची टोपी फिरवून काढली की तो नुसता वर उचलायचा असतो, पण इतक्या वर्षांचा साबण आणि गंज मध्ये बसलेला. बेकलाइट ठिसूळ, हातोडी लावली की तडकतो. बादलीत कडकडीत पाणी भरून ठेवायचं, बेकलाइट फुगू द्यायचा, आणि पंखांखाली पट्टा अडकवून सरळ वर हिसका द्यायचा. दुसऱ्या दिवशी सुटला. घाई केली असती तर आज तो माझ्याकडे नसता.

त्याच्याखाली मधल्या पोकळ खांबात दोन बुश असतात, म्हणजे दांडा ज्यांत फिरतो त्या छोट्या नळ्या, एक वर, एक खाली. वरचं सील गळलं की साबणाचं पाणी उतरतं आणि बुश खातं. नवे बुश अजून मिळतात. ते बसवायचं हत्यार मिळत नव्हतं. त्या वर्षी सुट्टीला इथे आलो तेव्हा मापं कागदावर लिहून आणली आणि उद्यमनगरात वडिलांच्या ओळखीच्या एका टर्नरकाकांकडे गेलो. वय सत्तरीच्या पुढे, लेथ त्यांच्याइतकाच जुना. त्यांनी कागद बघितला, यंत्र कसलं ते विचारलंही नाही. एवढंच विचारलं, “ठोकणार का दाबणार?”

मी म्हटलं, “ठोकणार, काका.”

“मग नको. मधनं भोक पाडून देतो, लांब बोल्ट घाल आणि नट आवळत दाब. ठोकलं की बुश तिरका बसतोय. तिरका बसला की महिन्यात खातोय.”

दोन पायऱ्यांची ती नळी त्यांनी तासाभरात काढून दिली. पैसे घ्यायला तयार नव्हते, बळंच ठेवावे लागले. मिशिगनला जाऊन मी त्यांनी सांगितलं तसं केलं, नट पाव-पाव फेऱ्यानं आवळला. बुश सरळ गेले. आजही बादली पिळायला लागली की खालून खरखर येत नाही.

रंग मी दिलेला नाही. टाकीचा चिनीमातीसारखा एनॅमलचा थर चिंचोक्याएवढा दोन ठिकाणी उडाला होता, तिथे गंज काढून इपॉक्सी भरलं, कारण तिथून कपड्यांना डाग पडले असते. झाकणाच्या कडेला मात्र हात लावून लावून चमक गेलेली आहे. ती तशीच आहे. दोन पिनांची जुनी केबल काढून अर्थिंगची तीन पिनांची घातली; तिथे जुनेपणाचा आग्रह धरायचा नसतो.

लोक विचारतात, पाणी किती पितं? भरपूर. एका भरणीला पन्नास-साठ लिटर, आणि खळबळायला तेवढंच परत. पण त्या काळी काही मॉडेलांत एक सोय असायची: साबणाचं पाणी शेजारच्या हौदात सोडायचं आणि पुढच्या कपड्यांसाठी यंत्रानं तेच परत ओढून घ्यायचं. आधी पांढरे, मग रंगीत, शेवटी पायपुसणी. आईनं आयुष्यभर दोन बादल्यांत हेच केलं. माझ्या यंत्रात ती सोय नाही, म्हणून मी पंपाच्या नळीला तीन तोंडांचा जोड बसवून पाणी हौदात साठवतो, आणि बादलीनं परत ओततो.

असं यंत्र इथे आणून चालवता येईल का, हाही प्रश्न नेहमीचा. ट्रान्सफॉर्मर लावून २३० चे १२० व्होल्ट करता येतील. पण तिथली वीज ६० हर्ट्झची, आपली ५० ची. मोटर सहाला पाच या हिशेबानं सावकाश फिरेल, आणि टायमरचं घड्याळही तेवढंच मागे पडेल; दहा मिनिटांचं धुणं बारा मिनिटं चालेल. मला वाटतं त्यानं कपड्यांचं काही बिघडणार नाही. कॉइल मात्र तापतील, कारण ५० हर्ट्झवर त्या जास्त करंट ओढतात.

म्हणून आता हे विगवॅग मी चार-पाच सेकंदच लावणार आहे. ट्रान्सफॉर्मर खाली ठेवलाय. दांडा मी हातानं डोलवतो, मोटरच्या जागी. तुमच्यापैकी कुणीतरी पुढे या आणि मी सांगितल्यावर हे बटण दाबा. बाकीच्यांनी जरा शांत राहा, पिन दुसऱ्या खाचेत पडताना खटका येतो, तो मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेला पाहिजे.