घोडीच्या मानेपासून माप

(दृश्य: कळंबोली. दुपार. वेल्डिंगच्या ठिणग्या.)

कळंबोलीत लोखंडाला तोटा नाही. पत्रा, अँगल, पाइप, सगळं हाकेच्या अंतरावर. इथल्याच एका गॅरेजात चौदा फुटी जुना टेम्पो उभा आहे. वरातीला घोड्या देणारं ठाण्यातलं एक कुटुंब त्याचा हौदा नव्यानं बांधून घेतंय. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते, घोड्यांच्या बाजारासाठी नावाजलेली. दोन घोड्या, बापलेक आणि घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार, असे पाच जीव तिकडे निघणार आहेत.

अंतर चारशे किलोमीटरच्या आसपास. पण १९७८च्या प्राणी वाहतूक नियमांनुसार घोडे असलेली गाडी ताशी ३५ किलोमीटरच्या वर न्यायची नाही. नुसतं चालणंच अकरा-बारा तासांचं. म्हणजे मुक्काम आला, आणि मुक्कामाबरोबर अंथरूण, शेगडी, पाणीही आलं.

(दृश्य: जमिनीवर खडूनं आखलेला हौदा.)

मुलानं आधी झोपायची जागा आखली होती. वडिलांनी ती पायानं पुसली. घोडीला आणून आखणीत उभं केलं, तिला मान खाली सोडू दिली आणि मिस्त्रीला म्हणाले, "इथून माप घ्या, दादा."

या गाडीचं सगळं मर्म त्या मापात आहे. घोड्याला मान वर बांधून तासन्‌तास उभं केलं, तर श्वासनलिकेत गेलेली धूळ आणि कडब्याचा भुसा निथळून बाहेर पडत नाही. ती घाण फुप्फुसात उतरते, ताप येतो, जनावर दगावूही शकतं. म्हणून तोंडापुढची जागा मोकळी, दावं ढिलं आणि वाटेत थांबे.

घोड्या तिरक्या उभ्या राहतील, तोंडं डावीकडे. शेजारून जाणाऱ्या गाड्यांना त्या बिचकू नयेत म्हणून नियमातच तसं सांगितलंय. दोघींच्या मध्ये निदान ८ सेंटीमीटर जाडीचा बांबू. खाली रबरी चटई, कारण घोड्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो. परतीला कसारा घाट उतरताना ब्रेक लागला की तो आणखी पुढे येतो. मागचं दार, म्हणजे फाळका, उतरतं, त्यावर आडव्या पट्ट्या.

माणसांना उरली पुढची पाच फूट. आडव्या दोन फळ्या, एकीखाली चंदीची, म्हणजे घोड्यांच्या खुराकाची, पेटी. तिघांत दोनच झोपायच्या जागा, कारण एक जण पाळीनं घोड्यांपाशी जागणार. आत कडबा आहे, तेव्हा शेगडी बाहेरच पेटेल. बाजूला गुंडाळलेली ताडपत्री सोडली की ओसरी तयार.

पाण्याची टाकी शंभर लिटरची. एका घोडीला दिवसाला २५ ते ४० लिटर लागतं, आणि परक्या पाण्याला पुष्कळ घोडी तोंड लावत नाहीत. त्यामुळे ठाण्याचंच पाणी बरोबर. हौदा बदलला की आरटीओची मंजुरी लागते; ते कागद वडिलांनी काम सुरू होण्याआधीच केले.

इगतपुरीच्या पुढे मोकळ्या जागी मुक्काम ठरलाय. घोडा उभ्यानं डुलकी काढतो, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावं लागतं. तिथं दोघींना खाली उतरवणार.

(दृश्य: गॅरेजचं आवार. चढण्याचा सराव.)

घोडी फाळक्यावर एक पाय ठेवते. टाप वाजते. ती मागे सरते. वडील दावं ओढत नाहीत, तिच्या मानेवरून हात फिरवत उभे राहतात. मोतद्दार फाळक्यावर थोडा कडबा पसरतो.

दुसऱ्या खेपेला दोन पाय.